विसराळूपणा कुठे संपतो

वय झाले की विसरायला होतेच, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की त्याखाली दोन अगदी वेगळी माणसे झाकली जातात. एकाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, आत कशाला आलो हेच विसरून तो दारात थबकतो. पण त्याचा दिवस नीट पार पडतो. दुसऱ्याचा दिवसच विस्कटू लागलेला असतो. तोच प्रश्न तो दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो, पैसे देताना गोंधळतो, रोजच्या रस्त्यावर चुकतो, आणि यातले काही घडले हेही त्याला ठाऊक नसते. पहिल्याला घाबरवून सोडणे हा अन्याय आहे आणि दुसऱ्याला वयाच्या नावावर टाकून देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. या दोघांच्या मधोमध आणखी एक माणूस उभा असतो. त्याची स्मरणशक्ती त्याच्या वयाच्या मानाने खरोखर खालावलेली असते, पण तो आपले व्यवहार अजून आपल्या हिमतीवर सांभाळतो. वैद्यक त्याच्या स्थितीला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणते आणि डॉक्टरांच्या बोलण्यात तिचे एमसीआय होते. या पुस्तिकेचा विषय हा मधला माणूस आहे. माझे म्हणणे एवढेच, की एमसीआय आणि स्मृतिभ्रंश यांच्यातली रेघ माणूस किती विसरतो यावरून काढता येत नाही. आजवर जे काम तो स्वतः करत आला ते तो अजून एकट्याने तडीस नेतो का, यावरून ती काढावी लागते. आणि ते काम कोणते, हे त्या त्या वस्तीला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून ही प्रस्तावना दवाखान्यातून सुरू न करता खारदांड्यातून करतो.

खार पश्चिमेला, कार्टर रोडच्या उत्तर टोकाशी, समुद्राला लागून असलेला खारदांडा हा कोळ्यांचा जुना गाव. भोवती इमारती उठल्या तरी होड्या, जाळी आणि वाळत घातलेले बोंबील अजून दिसतात, आणि मासळीचा व्यवहार अजून मुख्यतः बायकांच्या हातात आहे. पाटी घेऊन बसलेल्या साठीतल्या कोळणीच्या डोक्यात एका सकाळी काय काय चाललेले असते, ते जरा जवळून पाहावे. माल कितीला पडला, बर्फाला किती गेले, हे ध्यानात ठेवून ती वाटे लावते. समोरचे गिऱ्हाईक रोजचे की वाट चुकलेले, हे हेरून भाव सांगते. घासाघीस सुरू झाली की कुठपर्यंत उतरायचे याचा आकडा मनात धरून ती उतरते. एकीकडे हात पापलेट साफ करत असतात, दुसरीकडे मागच्या आठवड्याची कुणाची उधारी राहिली ते आठवत असते, आणि पाचशेची नोट पुढे आली की सुटे किती द्यायचे याचा हिशेब कागदाशिवाय होतो. ऊन चढले, मासा नरम पडायला लागला, की भाव किती आणि केव्हा पाडायचा याचा निर्णयही तिचाच. ताजी आठवण, एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरणे, आकडेमोड, माणूस ओळखणे, बदललेल्या परिस्थितीप्रमाणे बेत बदलणे, हे सगळे तिथे पणाला लागते. मेंदूविकारतज्ज्ञ ज्या क्षमता तासभर कागद-पेन्सिल घेऊन तपासतात त्यातल्या बहुतेक या पाटीमागे रोज तपासल्या जातात. तिला एखाद्या गिऱ्हाइकाचे नाव आठवले नाही तर त्याने काही बिघडत नाही; नाव विसरूनही त्याची उधारी तिला आठवते. पण खरेदीचा भाव ध्यानात न राहिल्याने ती सलग काही दिवस तोट्यात विकू लागली, एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे देऊ लागली, किंवा ठरलेला भाव दोन मिनिटांत विसरून पुन्हा पहिल्यापासून घासाघीस करू लागली, तर ती वेगळी गोष्ट आहे.

समुद्रावर जाणाऱ्या पुरुषांच्या बाबतीतही असेच आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरते, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा गुणाकार लहानपणी मनात बसलेला असतो आणि असा मनात बसलेला नियम स्मृतिभ्रंशातही बराच काळ शाबूत राहतो. आज तिथी कोणती हे ज्या म्हाताऱ्या तांडेलाला आठवत नाही, पण भिंतीवरचे कालनिर्णय पाहून जो पाणी केव्हा भरेल, उधाण आहे की भांग, होडी केव्हा काढावी हे बरोबर सांगतो, त्याच्याबद्दल काळजी करण्यासारखे फारसे नाही. ज्याला नियम तोंडपाठ आहे, तिथीही सांगितली आहे, तरी त्यावरून आज निघायचे की थांबायचे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याची काळजी करावी. पहिल्याच्या हातून एक तपशील सुटला आणि आधार मिळताच तो भरून निघाला. दुसऱ्याच्या बाबतीत तपशील हाताशी आहेत, ते जुळवणारी शक्तीच उणावली आहे. चाचणीतही डॉक्टर नेमके हेच पाहतात. काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, ते आठवले नाहीत, पण 'त्यात एक फळ होते' असा धागा दिल्यावर आठवले, तर आठवण मनात नोंदली गेली होती, फक्त सापडत नव्हती. धागा देऊनही काहीच हाती येत नसेल तर नोंदच झालेली नाही, असा संशय घ्यायला जागा असते. अल्झायमरचा आजार सहसा मेंदूच्या ज्या भागात आधी शिरतो, तो हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग, नवी आठवण नोंदवण्याचेच काम करतो.

हा भेद वैद्यकाला एका दिवसात सुचलेला नाही. माँट्रियलच्या व्ही. ए. क्राल यांनी १९६२ साली म्हातारपणीच्या विसराळूपणाचे सौम्य आणि घातक असे दोन प्रकार मांडले. सौम्य प्रकारात घटना आठवते, तिचा तपशील निसटतो. घातक प्रकारात घटनाच पुसली जाते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी एमसीआयचे ७६ रुग्ण निरोगी वृद्धांशी आणि सौम्य अल्झायमरच्या रुग्णांशी ताडून पाहिले. स्मरणाच्या चाचणीत हे मधले लोक अल्झायमरच्या रुग्णांच्या जवळ होते, पण बाकीच्या बौद्धिक कामांत निरोगी लोकांच्या जवळ. म्हणजे नुसती स्मरणाची चाचणी घेतली असती तर त्यांची गणना आजाऱ्यांत झाली असती. दैनंदिन जीवन पाहिले म्हणून ते वेगळे ओळखता आले. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली तेव्हा सौम्य आणि गंभीर विकार यांच्यामधली मुख्य खूण हीच ठेवली: रोजच्या व्यवहारात स्वावलंबन टिकले आहे की गेले आहे. वेळ जास्त लागतो, चिठ्ठी लिहून ठेवावी लागते, पण काम होते, ही सौम्य बाजू. काम दुसऱ्याला करावे लागते, ही पलीकडची.

असे असूनही आपल्या घरांत ही रेघ चुकीच्या जागी पाहिली जाते, आणि त्याला मोठे कारण आहे. आजी पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न, त्यातले मानपान, कोण रुसले आणि कोणी समजूत काढली हे खडान्‌खडा सांगते, आणि ऐकणारे म्हणतात, हिला काय झालेय, हिची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली! हा दिलासा खोटा आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले होते की ऱ्हासात नवी आठवण आधी जाते आणि जुनी शेवटपर्यंत टिकते. जुने सगळे लख्ख आणि कालचे काहीच नाही, ही निरोगीपणाची खूण नसून आजाराच्या नेहमीच्या घडणीचा भाग आहे. दुसरा खोटा दिलासा हातांचा. बोंबील सोलणे, कोळंबी साफ करणे, जाळ्याला गाठ मारणे ही हाताने शिकलेली कामे मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असतात आणि अल्झायमरच्या सुरुवातीला त्यांना फारसा धक्का लागत नाही. सुरी पूर्वीसारखीच चालते आहे म्हणून घरचे निर्धास्त राहतात. सवयीचे बोलणेही तसेच टिकते. पाहुणा आला की 'कसे आहात, जेवून जा' हे सगळे यथास्थित होते, आणि पाहुणा घरी जाऊन सांगतो की काकू अगदी ठणठणीत आहेत.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकासमोर हा आजार ज्या समजुतीने आणला तशी समजूत आधी क्वचितच दिसली होती. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित आहेत, आणि आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे त्या भूमिकेत खोटेपणाचा लवलेश नाही. या चित्रपटाचे ऋण मान्य करूनच म्हणतो, की त्यामुळे स्मृतिभ्रंश म्हटले की मध्यमवर्गीय मराठी मनासमोर विद्वानाची पडझड उभी राहते. विद्वानाचे हरवणे दिसते, कारण त्याचे शब्द, त्याची पुस्तके, त्याचे विद्यार्थी साक्षीला असतात. शाळा न पाहिलेल्या बाईची बुद्धी पाटीच्या हिशेबात होती, भिशीच्या पाळ्यांत होती, कुणाच्या घरी कोणती भांडी गेली आणि कोणती यायची आहेत यात होती. ती गेली तर साक्ष कोण देणार? तिला अक्षरे येत नव्हती, म्हणून तिला 'कळत' काय होते आणि आता काय कळेनासे झाले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नसते.

इथे चाचण्यांचा प्रश्न येतो. मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तयार केलेली तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात वाक्य वाचायचे असते, वाक्य लिहायचे असते, शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते, तारीख-वार सांगायचे असतात. कधी पेन्सिल न धरलेल्या बाईचे त्यातले काही गुण आजार नसतानाच जातात. तारीख विचारली तर ती सांगू शकणार नाही; पण आज कोणती तिथी, नारळी पौर्णिमेला किती दिवस उरले, मासेमारीची बंदी उठली की नाही, हे विचारा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीने आणि नारळी पौर्णिमेने ज्यांचे वर्ष बांधलेले आहे त्यांचे कालभान त्याच भाषेत तपासायला हवे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात नेमके हेच केले. अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी त्यांनी या चाचणीचे हिंदी रूप घडवले, वाचण्या-लिहिण्याच्या प्रश्नांना पर्याय शोधले, आणि त्यासोबत रोजच्या कामांची एक वेगळी प्रश्नावलीही तयार झाली. ती म्हाताऱ्या माणसाला विचारायची नसून घरच्यांना विचारायची. जेवण झाल्याचे विसरून ते पुन्हा जेवण मागतात का, घरातल्या लग्नासारख्या मोठ्या गोष्टीत मत देतात का, सणवार ध्यानात राहतात का, असे तिचे प्रश्न आहेत. या प्रश्नांना अक्षरओळख लागत नाही, त्या माणसाबरोबर राहिलेले असणे लागते.

साधन बदलले की संख्या किती बदलते, हे आपल्याच शहराच्या आकड्यांवरून दिसते. कॉलिन वाझ आणि सहकाऱ्यांनी मुंबईत चाळीस वर्षांवरील २४,४८८ लोकांची पाहणी केली आणि २००१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पासष्ट वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के निघाले. २०२३ मध्ये देशव्यापी लासी-डॅड अभ्यासाने साठ वर्षांवरील लोकांसाठी जो अंदाज दिला तो ७.४ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांचा आहे, आणि त्यात बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. दोन अभ्यासांचे वयोगट वेगळे, प्रदेश वेगळे, काळ वेगळा. त्यामुळे वीस वर्षांत आजार तिप्पट झाला असा अर्थ कुणी काढू नये. पण कोणत्या कसोटीवर कुणाला रेघेच्या पलीकडे ठेवले, याचा त्या तफावतीत मोठा वाटा असणार, असे मला वाटते. शिक्षण कमी असणे हा स्मृतिभ्रंशाचा खरोखरचा धोकाही आहे आणि चाचणीत गुण कमी पडण्याचे निव्वळ निमित्तही. या दोहोंची गल्लत झाली तर निरोगी बाई आजारी ठरते, आणि 'अशिक्षित आहे, गुण कमी पडणारच' म्हणून आजारी बाई निरोगीही ठरते.

माझ्या कसोटीवर एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात काम उरतेच कुठे? सून बाजारात बसू लागली, मुलगा बँकेचे पाहतो, नातू फोन लावून देतो, औषधाची गोळी हातावर ठेवली जाते. मग स्वावलंबन गेले की ते प्रेमाने काढून घेतले, हे कसे ओळखायचे? अमेरिकेत एकटी राहणारी बाई बिल भरायला विसरली की वीज तोडली जाते आणि आजार उघडा पडतो. खारदांड्यातल्या एकत्र घरात तो वर्ष-दोन वर्षे सहज लपतो. यावर माझे उत्तर असे, की तुलना शेजाऱ्याच्या आजीशी करायची नसते, तिच्याच पूर्वीच्या रूपाशी करायची असते. जॉर्म यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलेली प्रश्नावली हेच करते. ती घरच्यांना विचारते की दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज हे काम कसे जमते. आणि काम अगदीच उरले नाही असे कधी नसते. हळदीला कुणाला बोलवायचे राहिले याची यादी कोण सांगते? दर्यावर गेलेला माणूस आला की नाही, याची चौकशी कोण करते आणि उत्तर मिळाल्यावर ती थांबते का? आणखी एक प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारावा. तिचे काम तुम्ही केव्हा आणि का काढून घेतले? पुष्कळदा त्या 'का'मध्येच निदान दडलेले असते, कारण हिशेब चुकू लागला म्हणूनच सून पाटीवर बसायला लागलेली असते आणि बाहेर मात्र 'आता तिने आराम करावा' असे सांगितले जाते.

तक्रार कोण करतो हेही पाहावे. स्वतः येऊन 'डॉक्टर, मला काहीच आठवत नाही' असे दहा उदाहरणांसह सांगणाऱ्या माणसाला पुष्कळदा नैराश्य, चिंता किंवा झोपेचा त्रास असतो; ती दहा उदाहरणे त्याला आठवली आहेत. स्मृतिभ्रंशात आपल्याला काही झाले आहे ही जाणीवच बोथट होते आणि तक्रार घरचे करतात. मधल्या टप्प्यावर दोन्ही दिसते, म्हणून हे लक्षण एकटे पुरत नाही. सुरुवात विसरण्यानेच होते असेही नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला तपासलेली ऑगुस्ट डेटर ही पन्नाशीतली बाई घरच्यांच्या ध्यानात आधी आली ती नवऱ्याबद्दलच्या बिनबुडाच्या संशयामुळे. आपल्याकडे दागिने सुनेने घेतले, पैसे मुलाने चोरले, हा आरोप घरात भांडण म्हणून येतो आणि भांडण म्हणूनच मिटवला जातो. कधीही असे न वागलेल्या माणसाने तो केला तर त्याकडे दवाखान्याच्या बाजूनेही पाहायला हवे.

विसराळूपणाची काही कारणे अशी आहेत की ती दुरुस्त होतात, आणि या सगळ्या विषयातला हाच भाग मला सर्वांत निकडीचा वाटतो. थायरॉइड मंदावणे, रक्तातले सोडियम घटणे, नैराश्य, पडल्यानंतर आठवड्यांनी डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, मेंदूतल्या पाण्याचा निचरा अडल्याने येणारी चाल-लघवी-स्मरण अशी तिहेरी तक्रार, झोपेत श्वास अडकणे, दारू, लघवीच्या त्रासावरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ही शेवटची बाब कोळीवाड्यात हमखास नजरेआड होते. रोज मासे खाणाऱ्याला ब-१२ कसे कमी पडेल, असे डॉक्टरही गृहीत धरतात. पण वाढत्या वयात पोटातून ते शोषले जाण्याचे प्रमाण घटते, आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर आणखी घटते. ताटात मासा आहे, याचा अर्थ रक्तात ब-१२ आहे असा होत नाही. कानांचेही तसेच. ज्याला ऐकूच आले नाही त्याला आठवणार काय? २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले आणि ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. त्यात बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह आणि नजर अधू होणे हे सगळे आहे. वांद्र्याचे भाभा रुग्णालय किंवा जुहूचे कूपर खारदांड्यापासून लांब नाही. रक्ताच्या साध्या चाचण्या आणि कानांची तपासणी ही पहिली पायरी आहे, मेंदूचे महागडे चित्र नव्हे. आणि ज्याची बुद्धी महिन्यांत नव्हे तर दोन-तीन दिवसांत ढासळली, त्याला स्मृतिभ्रंश म्हणत घरी बसवू नये. तो बहुधा जंतुसंसर्गाने किंवा औषधाने आलेला भ्रम असतो आणि ती तातडीची अवस्था असते.

काही जण म्हणतात की एमसीआय हा आजारच नाही, म्हातारपणाला चिकटवलेले लेबल आहे आणि त्यातून फक्त भीती पसरते. यातला अर्धा भाग मी मानतो. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासला, तेव्हा साठ ते चौसष्ट वयात एमसीआयचे प्रमाण ६.७ टक्के आणि ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात २५.२ टक्के आढळले. पासष्टच्या पुढच्या अशा लोकांपैकी दोन वर्षांत सुमारे १५ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला. पण निरनिराळ्या अभ्यासांत १४ ते ५५ टक्के लोक पुन्हा सामान्य पातळीवर आल्याचेही दिसले. म्हणजे एमसीआय ही स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी असतेच असे नाही, आणि ज्याला हे निदान मिळाले त्याला घरच्यांनी उद्याचा वेडा ठरवणे हे वैद्यकाला धरूनही नाही. लेबलाचे भय खरे आहे, पण ते लेबल कायमचे समजल्यामुळे आहे. एमसीआयचे निदान तारखेसह वाचावे आणि सहा महिने ते वर्षभराने पुन्हा तपासावे. एका दिवसाच्या गुणांवरून जे कळत नाही ते दोन तपासण्यांच्या मधल्या उतारावरून कळते.

आता तंत्रज्ञान हा सगळा घोळ मिटवील, अशी आशा अनेकांना आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. त्याआधी २०२३ मध्ये तिथे लेकानेमॅब हे औषध पूर्ण मान्यतेने आले. १,७९५ रुग्णांवरच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला, आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोकाही दाखवला. हे औषध एमसीआय किंवा अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच दिले जाते, त्यामुळे ही रेघ अचूक ओळखणे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले, हे मान्य. पण रक्त सांगते ते मेंदूत काय साचले आहे ते. माणूस काय करू शकतो ते नव्हे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून अमेरिकेतल्या जोगिणींचा जो अभ्यास केला त्यात शंभरी ओलांडलेली एक जोगीण मरेपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होती आणि तिच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर निघाल्या. चाचणी रोगाचे नाव सांगील. टप्पा कोणता, हे मात्र पाटीवर, स्वयंपाकघरात, बँकेच्या खिडकीपाशीच कळेल.

उरतो तो सर्वांत व्यावहारिक प्रश्न: बरे करणारे औषध नाही, मग आधी कळून फायदा काय? स्मृतिभ्रंशात दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा एमसीआयमध्ये उपयोग होतो याला पुरावा नाही, हे त्याच २०१८ च्या पाहणीने स्पष्ट सांगितले आहे. आठवड्यातून दोनदा नियमित व्यायामाने थोडा लाभ दिसतो, एवढेच. पण फायदा गोळीपुरता नसतो. मुंबईच्या कोळीवाड्यांत सीमांकन, घराची मालकी, पुनर्विकास हे विषय घरोघरी आहेत, आणि कागदांवर सही किंवा अंगठा बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचा लागतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे बारावे कलम विचारते की करार करताना त्या माणसाला तो समजत होता का आणि आपल्या हिताचा विचार तो करू शकत होता का. एमसीआय असलेला माणूस सहसा या कसोटीला उतरतो. त्याला आपले मृत्युपत्र करता येते, घराचे काय करायचे ते सांगता येते, पुढे आपली काळजी कुणी घ्यावी हे ठरवता येते. स्मृतिभ्रंश वाढल्यावर तोच अंगठा वादाचा होतो आणि भावाभावांत वर्षानुवर्षे खटला चालतो. हा मधला काळ म्हणजे आपल्या आयुष्याबद्दल स्वतः बोलण्याची मुदत आहे. तिची जाणीव त्या माणसापासून लपवून ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही, लेकरांनाही नाही.

याच कारणाने मधल्या टप्प्यावरच्या माणसाच्या हातून पाटी काढून घेऊ नये. आईचा एकदा हिशेब चुकला म्हणून तिला घरी बसवले, तर बाजार, गिऱ्हाईक, बोलणे, चालणे, सगळे एकदम तुटते; एकटेपणा आणि निष्क्रियता हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचे धोके आहेत. त्याऐवजी कुणीतरी शेजारी बसावे, खरेदीचा भाव पाटीला खडूने लिहून ठेवावा, उधारीची वही नातीने सांभाळावी, पैसे मोजताना घाई करू नये. एवढ्या आधारावर व्यवहार चालला तर ती अजून रेघेच्या अलीकडे आहे. आधार वाढवत नेऊनही काम सुटत चालले, तर पलीकडची तयारी सुरू करायची. यासाठी पुढच्या पानांवर घरच्यांसाठी एक नोंदवही दिली आहे. तिच्यात महिन्यातून एकदा, तीच व्यक्ती, तीच कामे पाहून लिहील: पैसे, औषध, रस्ता, सणवार, स्वयंपाक, आणि एकच प्रश्न किती वेळा विचारला गेला. पहिली नोंद आजची, तारखेसह. आणि डॉक्टरकडे जाताना वही बरोबर न्यायची.